मुसलमान कुठे राहतात?

पुण्यात कुणाला सांगितलं की मी जुन्नरचा, तर पहिला प्रश्न बिबट्याचा येतो. उसात खरंच दिसतो का, अंगणात येतो का, वगैरे. मग नाव विचारतात. नाव सांगितलं की दुसरा प्रश्न येतो, "हो का? पण मूळचे कुठले?" मी म्हणतो, जुन्नरचाच. "तसं नाही, त्याच्या आधी?" त्याच्या आधीही जुन्नर. समोरचा माणूस वाईट नसतो, बहुतेक वेळा चहाही तोच पाजतो. पण त्याच्या डोक्यात महाराष्ट्राचा एक नकाशा असतो. त्या नकाशात मुसलमान भिवंडीत, मालेगावात, मुंब्र्यात, मोमीनपुऱ्यात आणि कोंढव्यात राहतात. शिवनेरीच्या पायथ्याला ते कसे काय, हे त्याला उमगत नाही.

मला पूर्वी याचा राग यायचा. आता मी आकडे काढून बसतो. रागापेक्षा ते बरं, आणि आकडे खरोखर रंजक आहेत.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांच्या वर होती. त्यात मुसलमान १ कोटी २९ लाख ७१ हजार, म्हणजे साडेअकरा टक्के. देशात हेच प्रमाण १४.२ टक्के. इथपर्यंत विशेष काही नाही. पण महाराष्ट्राची ४५ टक्के जनता शहरात राहत होती, आणि राज्यातल्या मुसलमानांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त शहरात राहत होते. एकट्या बृहन्मुंबईत सुमारे पंचवीस लाख, म्हणजे राज्यातल्या दर पाच मुसलमानांतला एक मुंबईकर. मालेगावात जवळपास ऐंशी टक्के लोकसंख्या मुसलमान, भिवंडीत निम्म्याहून अधिक. तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर शहरात साधारण तीस टक्के. पुणे शहरात अकरा टक्के. आणि तिकडे गडचिरोली जिल्ह्यात दोन टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे चहा पाजणाऱ्या माणसाचा नकाशा अगदीच खोटा नाही. फक्त तो अर्धा आहे.

हा नकाशा असा का झाला, याला एकच उत्तर नाही. मालेगाव-भिवंडीतले मोमीन विणकर १८५७ नंतरच्या पडझडीत उत्तरेतून, हातमाग मोडल्यावर, आग्रा रोडने खाली उतरले. आज तिथे यंत्रमागाची खडखड आहे, ती त्या पायी चालत आलेल्या माणसांची. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथल्या शहरांत कचेरी, फौज, शाळा यांच्या आधाराने वस्त्या वाढल्या. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवलेली खडकी म्हणजेच पुढचं औरंगाबाद. वऱ्हाडात एलिचपूर होतं, इमादशाही होती. कोकणातल्या कोकणी मुसलमानांचा इतिहास तर निराळाच, तो घोड्यावरून नाही, गलबतातून आलेला आहे. मुंब्रा मात्र आपल्या डोळ्यांदेखत वाढलं. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतल्या मिश्र वस्त्यांतून उठलेली माणसं खाडीपलीकडे गेली. त्या वाढीला व्यापार कारण नव्हता, कारखाना कारण नव्हता. भीती कारण होती. जनगणनेच्या तक्त्यात स्थलांतराच्या कारणांचा रकाना असतो. काम, लग्न, शिक्षण, कुटुंबाबरोबर. भीती त्यात नसते.

या सगळ्यांना एका शब्दात "मुस्लिम" म्हणतात आणि तक्त्यात एका ओळीत बसवतात. माझा मावसभाऊ अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. त्याच्याशी एकदा फोनवर हेच बोलत होतो तर तो हसायला लागला. म्हणाला, "इथे आमच्या शेजाऱ्यांचं हेच चाललंय." तिथल्या जनगणनेत वंशाचा प्रश्न वेगळा, आणि तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात का, हा प्रश्न वेगळा. त्याच्या टेक्सास राज्यात २०२० च्या मोजणीत ३९.३ टक्के लोक हिस्पॅनिक निघाले आणि बिगर-हिस्पॅनिक गोरे ३९.७. जवळजवळ बरोबरी. पण शहरागणिक बघा. सीमेवरच्या लारेडोत शंभरातले नव्वदहून जास्त, एल पासोत ऐंशीच्या आसपास, सॅन अँटोनिओत जवळपास दोन तृतीयांश, ह्यूस्टनमध्ये निम्म्याला थोडे कमी. मेक्सिकोचा, क्यूबाचा, साल्वादोरचा, सगळे एका शब्दात. भावाच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचं घराणं टेक्सास अमेरिकेत सामील झालं त्या १८४५ च्याही आधीपासून तिथंच आहे. सरहद्द हलली, घर हललं नाही. तरी त्यांना दुकानात विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या?

मला त्या बाईंना एकदा जुन्नरला आणायचं आहे.

जुन्नरचं सांगतो. बहमनी सत्तेने पंधराव्या शतकाच्या मध्याला शिवनेरी घेतला. १४९० मध्ये मलिक अहमदने इथे बसून निजामशाही उभी केली, अहमदनगर त्याने नंतर वसवलं. पुढे मलिक अंबरच्या काळात काही वर्षं जुन्नर पुन्हा त्या राज्याची राजधानी झाली. हा माणूस हबशी, आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत आणलेला. जुन्नरजवळ हापूसबागेत एक भव्य घुमट उभा आहे, लोक त्याला सौदागर घुमट म्हणतात. लहानपणी आम्ही तिथे क्रिकेट खेळायचो आणि चेंडू घुमटाला लागला की बाद धरायचो. नाणेघाटातून वर येणारा माल सातवाहनांच्या काळापासून याच गावात उतरत होता. जिथे बाजार, तिथे परका माणूस आलाच.

असाच एक परका १४७० च्या आसपास पावसाळ्यात जुन्नरला अडकला होता. अफनासी निकितिन, रशियातला व्यापारी. चौलला उतरून घाट चढून आला, एक उंची घोडा घेऊन. इथल्या सुभेदाराने, असदखानाने, घोडा काढून घेतला आणि सांगितलं, मुसलमान हो, घोडा मिळेल, वर हजार मोहरा मिळतील. निकितिनने आपल्या प्रवासवर्णनात हे लिहून ठेवलंय. खुरासानच्या एका ख्वाजाने, म्हणजे मुसलमानानेच, मध्ये पडून घोडाही सोडवला आणि त्याचा धर्मही. जुन्नरमधला मुसलमान म्हणून मला यातला असदखान लपवावासा वाटत नाही आणि त्या ख्वाजाला मिरवावंसंही वाटत नाही. दोघेही आमच्याच गावात होऊन गेले. एवढंच वाटतं की परक्या माणसाला पकडून त्याचा धर्म विचारण्याचा उद्योग फार जुना आहे, आणि तो सगळ्यांनी करून झालेला आहे.

पण राजे आणि सुभेदार यांच्यामुळे आम्ही इथे राहिलो नाही. राहिलो ते धंद्यामुळे. आमचं घराणं कागदी. जुन्नरी कागद एके काळी नावाजलेला होता, पेशव्यांच्या दफ्तरात तो वापरला जाई. जुनी गोणपाटं, दोरखंड, चिंध्या, रद्दी कुटायची, नदीवर धुवायची, हौदात कालवायची, साच्यावर एकेक ताव उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, खळ लावायची आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचा. पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा याच धंद्याच्या लोकांचा. दौलताबाद-खुलताबादच्या रस्त्यावर कागजीपुरा आहे, तोही. म्हणजे मुसलमान वस्त्यांचा एक नकाशा कागदाचाही काढता येईल. गिरणीचा कागद आला आणि हा नकाशा पुसला गेला. अब्बांच्या आजोबांनी घोटायचा दगड ठेवून दिला. अब्बांनी वह्या बांधायचं दुकान काढलं. शाळेची हजेरीपत्रकं, सोसायट्यांच्या खतावण्या, लग्नातल्या आहेराच्या वह्या. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या किती घरांचा हिशेब आमच्या दुकानातल्या दोऱ्याने बांधलेला असेल, कोण जाणे.

अब्बांबरोबर वह्या पोचवायला मी गावोगाव फिरलो आहे, आणि मुसलमान कुठे राहतात हे मला तक्त्याआधी तिथे कळलं. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव अशा बाजाराच्या गावांत मोहल्ला असतो, मशीद असते. बागवान, अत्तार, तांबोळी, मण्यार, खाटीक, नावावरूनच धंदा कळतो. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात पहाटे आवाज चढवून भाव करणाऱ्यांत आमचेही लोक असतात. पण खरं सांगायचं ते आत, वाड्यावस्त्यांकडे. तिथे मोहल्ला नसतो. घर असतं. एक, फार तर तीन. मुलाण्याचं घर. गावगाड्यात त्याचं काम ठरलेलं, यात्रेत बोकडाच्या मानेवर पहिली सुरी त्याची, पिराचा दिवा त्याने लावायचा, आणि बदल्यात खळ्यावरचं धान्य. मशीद नाही म्हणून ईदच्या नमाजाला दहा मैलांवर जायचं. भाषा पक्की गावची. ज्ञानेश्वरीच्या सप्ताहात टाळ धरायला तोच पुढे आणि मोहरमच्या ताबुताला खांदा द्यायला सगळं गाव. मी याला सलोख्याचं चित्र म्हणून टांगणार नाही. त्या घराला जमीन तुटपुंजी, शब्दाला वजन गावचे देतील तेवढंच. एकटं घर जुळवून घेतंच, त्याला दुसरा मार्ग नसतो. पण ते घर तिथे होतं, पिढ्यान् पिढ्या होतं, आणि कुणी त्याला मूळचा कुठला म्हणून विचारत नव्हतं.

ही एकटी घरं आता उठतायत. शहरातले सत्तर टक्के वाढतायत ते यामुळेही. पोरगा पुण्याला गॅरेजमध्ये लागतो, मग भाऊ जातो, मग निकाह शहरातल्या मुलीशी होतो. गावात शेवटी म्हातारी राहते. ती गेली की एक प्रश्न उरतो ज्याचा कुठल्याच अहवालात उल्लेख नाही. कब्रस्तान. आंबेगाव तालुक्यात एका वाडीला अब्बांचे एक दोस्त होते. ते वारले तेव्हा आम्ही मय्यतीला गेलो. ओढ्याकाठी जेमतेम दोन गुंठ्यांची जागा, बाभळी माजलेल्या, सहा-सात कबरी. मुलगा पुण्याहून आलेला. माती देऊन झाल्यावर गावचे एक तात्या त्याला हळूच म्हणाले, "आता इथं कोण बघणार रे? तू येणार हायेस का?" त्यात धमकी नव्हती, काळजीही असेल. पण मुलाला उत्तर देता आलं नाही. ज्या गावात मुसलमानांची संख्या शून्य, तिथे सहा-सात कबरींची मालकी कुणाची?

आंबेगाव तालुक्याला तर हे जास्त कळावं. ज्या आंबेगावावरून तालुक्याचं नाव पडलं ते गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. कचेरी घोडेगावला आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाचे अवशेष वर येतात आणि उठून गेलेली माणसं बघायला येतात. सगळ्या जातीधर्माची.

मी स्वतः कोंढव्यात राहतो. हौसेने नाही. लग्नानंतर शाळेच्या जवळ म्हणून दुसऱ्या भागात घर बघत होतो. तीन ठिकाणी फोनवर सगळं ठरलं आणि नाव सांगितल्यावर जागा "कालच गेली." चौथ्या ठिकाणी एजंट निदान सरळ बोलला, "सर, उगाच पेट्रोल जाळू नका, कोंढव्यात बघा." बघितलं. इथे मशीद जवळ, उर्दू शाळा जवळ, इफ्तारीला रस्ता फुललेला, आणि कुणी मूळचे कुठले विचारलं तर पुढचाही शिरूरचा नाहीतर बार्शीचा असतो. सुख आहे, खोटं कशाला बोलू. पण माझी मुलगी नऊ वर्षांची झाली आणि तिच्या वर्गात एकही सुषमा, एकही किरण नाही. माझ्या वर्गात आम्ही पाच मुसलमान होतो आणि चाळीस इतर. ती जुन्नरला गेली की शेजारच्या काकूंशी हिंदीत बोलते. काकू हसतात. अब्बा हसत नाहीत.

भाषेवरून आठवलं. महाराष्ट्रात २०११ ला उर्दू मातृभाषा सांगणारे ७५ लाख ४० हजार होते. मुसलमान १ कोटी ३० लाखांच्या जवळ. उर्दू सांगणारा प्रत्येक जण मुसलमान धरला तरी ५४ लाखांहून अधिक मुसलमानांनी दुसरी काहीतरी भाषा सांगितली, शंभरातल्या बेचाळिसांनी. मराठी, हिंदी, कोकणी, गुजराती, जे काही असेल ते. तरी सगळ्यांच्या डोक्यात मुसलमान म्हणजे उर्दू, आपल्याही डोक्यात. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा अनेकांना त्या नावातच गंमत वाटली होती. म्हणजे शेख महंमद श्रीगोंद्यात बसून मराठीत लिहून गेले त्याला तोपर्यंत साडेतीनशे वर्षं होऊन गेली होती!

२०११ ला आमच्या जुन्नरच्या घरी मोजणीला एक गुरुजी आले होते. धर्माचा रकाना भरला आणि मातृभाषेपुढे न विचारताच उर्दू लिहायला लागले. अब्बा म्हणाले, "थांबा गुरुजी. मी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलो, दुकानाचा हिशेब मराठीत लिहितो." गुरुजी म्हणाले, "पण घरी?" घरात त्याच वेळी अम्मी आतून ओरडत होती, "कायकू उनो इत्ते सवाल पूछरै?" ही आमची घरची दखनी. उर्दूवाला तिला उर्दू म्हणत नाही आणि मराठीवाला मराठी म्हणत नाही. गुरुजींनी अब्बांकडे बघितलं, अब्बांनी आढ्याकडे. शेवटी मराठी लिहिलं गेलं, आणि इतर येणाऱ्या भाषांत उर्दू आणि हिंदी. दखनीला जागा उरली नाही.

आता २०२७ ची जनगणना येते आहे. सोळा वर्षांनी. १ मार्च २०२७ ही तारीख धरलेली आहे आणि १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. मोहल्ल्यात यावरून गरम चर्चा चालू आहे. काही मंडळी म्हणतात, फक्त मुसलमान लिहा, इस्लाममध्ये जात नाही, फूट पडेल. काही म्हणतात, बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन, जे आहात ते लिहा, ओबीसीच्या सवलती त्यावरच मिळतात. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. २००६ चा सच्चर अहवाल असो की राज्य सरकारने नेमलेल्या महमूदुर रहमान समितीचा २०१३ चा, दोन्हींनी गरिबी दाखवली. पण कुठला मुसलमान, कुठल्या गावातला, कुठल्या धंद्यातला, हे नेमकं कळायला हवं असेल तर धंद्याचं नाव पुसून चालणार नाही. इस्लाममध्ये जात नाही हे खरं. सोयरिक जुळवताना आपण काय विचारतो तेही खरं. मोमीन मालेगावचा आणि मुलाणी आंबेगावचा यांचं दुखणं एक नाही. एकाला यंत्रमागाची वीज हवी, दुसऱ्याला दोन गुंठ्यांचा सातबारा.

अब्बांना हे फोनवर सांगितलं. ते ब्याऐंशीचे आहेत, अम्मी गेल्यापासून जुन्नरला एकटे. भाईजान पिंपरीत, मी कोंढव्यात, बहीण मुंब्र्यात. भाईजानचं म्हणणं, घर विकून टाकू, अब्बांना आळीपाळीने ठेवू. गिऱ्हाईक आहे, दरही बरा आहे. मागच्या मोजणीत त्या घरात सात माणसं लिहिली होती. अब्बांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कागदी लिहायचं म्हणतोस. कागद तर कुणीच करत नाही."

मी म्हटलं, "तरी लिहायचं."

"आणि तू? तुला कुठे मोजणार?"

"कोंढव्यात. राहतो तिथेच मोजतात, अब्बा."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, भाईजानला सांग, १ मार्चच्या आधी घराचा विषय काढू नकोस.